परघरचा मुक्काम आणि मनुष्यऋण

कीर्तनसेवेच्या निमित्ताने आमचे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत नेहमी जाणे-येणे असते. मध्यंतरी बोरिवलीस कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध श्रोते जवळ येऊन बसले आणि म्हणाले, "महाराज, नातू परदेशी निघालाय. हॉटेलात उतरायचं नाही म्हणतो. तिथल्या अनोळखी माणसांच्या घरी कोचावर झोपणार, आणि पैसा एक द्यायचा नाही. आमच्या घराण्यात कुणी कुणाच्या दारी असं फुकट पडलं नाही हो! ह्याला यात्रा म्हणायची की भिक्षा?"

प्रश्न त्या एका घरचा नाही. आज पुष्कळ घरांतील मुले या रीतीने देशोदेशी फिरतात. म्हणून थोडा विचार मांडतो.

प्रथम ही रीत आहे तरी काय, ते पाहू. दुसरे महायुद्ध संपल्यावर 1949 साली डेन्मार्कमध्ये बॉब लुइटवाइलर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने व त्याच्या मित्रांनी एक संघटना काढली. तीच पुढे 'सर्वास' या नावाने प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या देशांची माणसे एकमेकांच्या घरी राहिली, एका ताटाशी बसली, तर युद्धाची बुद्धी कमी होईल, असा त्यांचा हेतू. प्रवाशाने साधारण दोन रात्री राहावे आणि पैसा कोणी कोणास देऊ नये, असा परिपाठ. पुढे 2004 साली केसी फेंटन या अमेरिकन तरुणाने व त्याच्या सोबत्यांनी संगणकाच्या जाळ्यावर 'काउचसर्फिंग' सुरू केले. त्याची कथा मौजेची आहे. आइसलँडचे स्वस्त तिकीट हाती आले, पण तिथे ओळखीचे कोणी नाही. तेव्हा त्याने तिथल्या विद्यापीठातील सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांना पत्रे धाडून राहायला जागा मागितली आणि पुष्कळांनी 'ये' म्हणून कळविले. मात्र 2011 साली त्या संस्थेची नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली, आणि 2020 पासून पुष्कळ देशांतील सभासदांकडून वर्गणी घेण्यास आरंभ झाला. घर फुकट, पण घराची ओळख विकत, असा हा कलीचा महिमा! असो.

आता 'फुकट' या शब्दाकडे वळू. आपल्याकडे अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. मनुस्मृती तर एकच रात्र राहणाऱ्यास अतिथी म्हणते. यजमानाने त्याचे काय करावे, हे शास्त्रांनी पानोपानी सांगितले. पैठणास ऐन पावसात अवेळी पाहुणे आले, घरात कोरडे सरपण नाही, तेव्हा नाथमहाराजांनी पलंग मोडून चुलीस लावला, ही कथा तर आपण सर्वांनी ऐकलेली. पण पाहुण्याने घेतल्याचे पुढे काय करावे? याचे उत्तर शतपथ ब्राह्मणात आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणे सर्वांना ठाऊक असतात. तिथे चौथेही सांगितले आहे, ते मनुष्यांचे ऋण. ते कशाने फिटते? माणसांना आपल्या घरी राहवून घेतल्याने आणि अन्न दिल्याने. क्रम ध्यानी घ्यावा. आधी निवारा, मग अन्न. आणि हे ऋण अमुक माणसाचे असे म्हटलेले नाही, मनुष्यमात्राचे म्हटले आहे.

यातून आमच्या श्रोत्यांचे कोडे सुटते. परदेशी कोणा घरी मुलगा झोपला, तर ते फुकट नव्हे, ते घेतलेले ऋण आहे. मात्र ते त्याच घरी फेडावे लागते असे नाही, बोरिवलीस आपल्या दारीही फेडता येते. फेडायची बुद्धी असेल तर तो अतिथी. ती नसेल, नुसते हॉटेलचे बिल वाचवायचे असेल, तर मात्र त्याला फुकट्या म्हणावे लागेल. मग तो विमानाने गेलेला असो की पायी.

याच बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीची शंभरांवर लेणी आहेत. तिथे भिक्षूंच्या निजण्यासाठी दगडाचे ओटे आणि पाण्याची टाकी खोदलेली आहेत. ती कोणी करविली, हे तिथल्या शिलालेखांवरून कळते. कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी, गृहस्थ, भिक्षुणीसुद्धा! त्या ओट्यावर कोण निजणार, हे देणाऱ्यांना ठाऊक नव्हते. पुढे इसवी सन 1009 आणि 1021 मध्ये तिथे आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली. अनोळखी माणसासाठी जागा करून ठेवणे, हे या भूमीला नवे नाही.

पैसा न बाळगण्यामागेही एक विचार असू शकतो. 1962 साली सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन करीत वॉशिंग्टनपर्यंत गेले. निघण्यापूर्वी ते विनोबांच्या भेटीस गेले होते. विनोबांनी सांगितले, जवळ पैसा ठेवू नका. पैसा असला की संध्याकाळी खाणावळ शोधाल, खाल, निजाल, पुढे चालू लागाल. पैसा नसला तर माणसाचे दार ठोठवावे लागेल, आणि बोलावे लागेल. पाहा, इथे पैसा टाकला तो माणूस भेटावा म्हणून. पैसा वाचावा म्हणून माणूस गाठणे ही अगदी उलटी गोष्ट.

आपल्या वारीतही हेच दिसते. माउलींची पालखी पुण्यास येते तेव्हा कितीतरी घरे वारकऱ्यांसाठी उघडतात. पण वारकरी काही यजमानाच्या हिशेबावर निघत नाही. दिंडीत तो आपली भिशी भरतो, आपले अंथरूण आपण वाहतो, आणि ज्या ओसरीवर टेकला तिथे हरिपाठ म्हणून जातो.

इथपर्यंत ऐकून नातवंडे खूष होतील. पण खरी अडचण पुढेच आहे. त्या आजोबांना आम्ही विचारले, "आबा, उद्या नातवानं तिकडचा एखादा पोरगा आपल्या घरी आणला तर?" ते थोडे थांबले. म्हणाले, "दोन खोल्या आहेत महाराज. सून नोकरी करते. रांधायचं कुणी? आणि सोसायटीवाले विचारतील ते वेगळंच."

ही कारणे खोटी नाहीत. परका मनुष्य घरात घेताना भय वाटणारच. रावणही यतीच्या वेषानेच दारी आला होता. म्हणून चौकशी करावी, चार जणांना कळवावे, परदेशी पाहुण्याची सरकारी नोंद वेळेत करावी. त्यात आतिथ्याला कमीपणा नाही. पण सुनेचा प्रश्न सर्वांत खरा. आतिथ्याचे पुण्य मुलाचे आणि पोळ्या आईच्या, हा हिशेब आम्हांस मान्य नाही. आम्ही कीर्तनकार जन्मभर परघरी उतरलो. आमचे गुरुजी सांगत, ज्या घरी उतराल तिथली माउली किती वाजता निजते ते पाहा, आणि त्याप्रमाणे आपली भूक आवरा. हे पाहुण्यास लागू, तसे घरच्या मुलासही लागू. ज्याने परदेशी ऋण घेतले त्यानेच पाहुण्याची गादी घालावी, चहा करावा, भांडी विसळावी.

आणि जागाच नसेल तर? खोटे वचन देऊ नये. पण ऋण फेडण्यास खोलीच लागते असे नाही. गावाकडून इस्पितळासाठी आलेल्या माणसाला एक वेळचा डबा पोहोचवावा. परक्या प्रवाशाला लोकलची गर्दी टाळून नीट गाडीत बसवून द्यावे, सुटीच्या दिवशी कान्हेरी दाखवून आणावी. घरात जागा नाही ही अडचण देव समजून घेईल. मनात जागा नाही, आणि दुसऱ्याच्या घरी मात्र पाय पसरायचे, हे त्याला कसे पटावे?

कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला. यजमानाला अपराध वाटला आणि त्याने तीन वर देऊ केले. तेव्हा त्या पोराने पहिला वर मागितला तो स्वतःसाठी नव्हे, घरी रागावलेल्या बापाचे मन शांत व्हावे म्हणून. परघरी बसूनही ज्याला आपले घर आठवते, तो उत्तम अतिथी.

म्हणून आजोबांना आमचे सांगणे एवढेच की, नातवाला खुशाल जाऊ द्या. जाण्यापूर्वी मात्र घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावे, की परत आल्यावर वर्षातून निदान एका अनोळखी माणसाला आपल्या घरी काय देता येईल. सुनेला विचारून ठरवावे. नातू तिकडून पत्र धाडील त्यात देखावे लिहील, ते वाचावेच. पण कोणाच्या घरी राहिला, त्या घरची माणसे कशी, त्यांच्या कामाला त्याने हात लावला की नाही, हे आवर्जून विचारावे.