लक्ष्य, लक्षण आणि संशोधक

गाणें शिकणें आणि गाण्याविषयीं शिकणें या दोन भिन्न विद्या आहेत. पहिली गुरूसमोर बसून साधते. दुसरीला आतां विद्यापीठांत स्वतंत्र स्थान मिळालें असून ग्रंथ, हस्तलिखितें, ध्वनिमुद्रणें व मुलाखती हीं तिचीं साधनें आहेत. या दुसऱ्या विद्येच्या पोटांत एक नैतिक प्रश्न आहे. शास्त्र आणि गळा यांत विरोध आला असतां संशोधकानें कोणाला प्रमाण मानावें?

आपल्या शास्त्रकारांनीं प्रत्यक्ष प्रयोगास ‘लक्ष्य’ आणि त्याच्या नियमांस ‘लक्षण’ म्हटलें आहे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ रचला. ग्रंथ अमोल, तथापि त्यांतील राग त्या काळीं जसे गाइले जात तसे आज कोणीही निश्चयानें गाऊन दाखवूं शकत नाहीं. लक्षण उरलें, लक्ष्य पालटलें. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं हें नेमकें ओळखलें. वकिली केलेल्या या पुरुषानें साक्षीपुराव्याची शिस्त संगीतांत आणली. देशभर हिंडून ग्रंथ पाहिले, उस्तादांकडून चिजा मिळवून स्वरलिपींत उतरविल्या, आणि आपल्या संस्कृत ग्रंथाला ‘श्रीमल्लक्ष्यसंगीत’ हें नांव दिलें.

परंतु लक्ष्य लिहून काढतांच त्याचेंही लक्षण बनतें. भातखंड्यांनीं ललित मारवा थाटांत घातला, तो शुद्ध धैवत धरून. आज बहुतेक गवई ललितांत कोमल धैवत लावतात. मग ते चुकतात काय? तसें म्हणणें म्हणजे ज्या दोषापासून भातखंड्यांनीं आपणांस सोडविलें, तोच त्यांच्या नांवानें पुन्हा करणें होय. उलटपक्षीं, गवयाचा प्रत्येक शब्द वेदवाक्य मानणेंही योग्य नव्हे. घराण्याचा अभिमान कित्येकदां इतिहासाच्या जागीं आख्यायिका बसवितो. यांतून मार्ग एकच: काय वाचलें, काय ऐकलें आणि काय अनुमानिलें, हें तिन्ही वेगळें सांगावें.

आमच्या सोलापूरचेंच उदाहरण घ्या. उत्तर पेशवाईंतील शाहीर रामजोशी येथले. त्यांच्या लावण्यांचे शब्द छापून सुरक्षित झाले. ते स्वतः त्या कशा म्हणत, तें मात्र छापील पानावर नाहीं. १९४७ सालीं ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट निघाला. त्यांतील वसंत देसायांच्या संगीताची गोडी कोण नाकारील? पण त्या संगीताला पेशवाईचा पुरावा समजणें हा रसिकाला क्षम्य, संशोधकाला अक्षम्य असा प्रमाद होय.

आतां अशी कल्पना करा कीं, एखादी वृद्ध कलावंतीण एक जुनी चाल आपल्या गुरूकडून आल्याचें सांगून विद्यार्थ्याला गाऊन दाखविते. तिचें म्हणणें पारखून घेणें हें विद्यार्थ्याचें पहिलें कर्तव्य. दुसरें कर्तव्य तितकेंच मोठें. प्रबंधांत ग्रंथकारांचीं नांवें मानानें झळकावीं आणि तिचा उल्लेख ‘एक माहितगार’ एवढाच व्हावा, हें न्याय्य नव्हे. तिची संमति असल्यास तिचें नांव, तिच्या गुरूचें नांव आणि तिनें दिलेलें धन यांची नोंद ग्रंथाच्याच बरोबरीनें झाली पाहिजे.

कित्येक यास सौजन्य म्हणतील. वस्तुतः ही संशोधनाचीच अट आहे. ज्या साक्षीदाराचें नांवच आपण पुसून टाकलें, त्याची साक्ष पुढचा अभ्यासक कशी तपासणार? सत्याची चाड आणि माणसाचें ऋण हीं येथें निराळीं राहत नाहींत.