खाडा कोणाला सांगायचा?

पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत शिकायला आलेल्या मुलाची शहराशी पहिली खरी ओळख होते ती मेसवाल्या काकूंमार्फत. खोली कॉट बेसिसवर, अभ्यासिकेत महिन्याने घेतलेली एक जागा आणि दोन वेळची मेस. गावी जायचं असेल तर खाडा आधी सांगायचा, नाहीतर त्या दिवसांचेही पैसे लागतात. व्यवहार रोकडा आहे. पण न सांगता कोणी दोन दिवस जेवायला आलं नाही, तर काकू त्याच्या रूम पार्टनरला हटकतात, "तो कुठाय रे? ताप-बीप आला नाही ना?" घरापासून दूर शिकणाऱ्या मुलांना सगळ्यात मोठा आधार या चौकशीचा असतो, असं माझं ठाम मत आहे. मार्च २०२०च्या टाळेबंदीत मेस बंद झाल्या, वसतिगृहं रिकामी करून घेतली गेली आणि ही चौकशी करणारी माणसं मुलांच्या आयुष्यातून एका आठवड्यात नाहीशी झाली.

जिवलग मित्र टिकले, त्यांच्याशी रात्री उशिरापर्यंत फोन चालायचे. तुटले ते नुसते ओळखीचे: एसटीत रोज शेजारी बसणारा, जर्नल उतरवायला देणारी, ग्रंथालयाच्या काउंटरवरचे दादा. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिलं होतं की नोकरीची खबर अनेकांना जवळच्या माणसांकडून मिळत नाही, ती अधूनमधून भेटणाऱ्यांकडून मिळते. त्याच वर्षी रॉबर्ट वाइस यांनी एकाकीपणावरच्या पुस्तकात दोन प्रकार वेगळे केले: एका जवळच्या माणसाची उणीव आणि आपल्या म्हणाव्यात अशा गोतावळ्याची उणीव. एकीची भरपाई दुसरीने होत नाही, असं त्यांचं सांगणं होतं.

आपल्याकडे टाळेबंदीच्या वर्षी घराघरांत जे घडलं ते यातून उलगडतं. दोन खोल्यांच्या घरात आजी, आईवडील, धाकटा भाऊ, मुंबईहून परतलेले काका. आणि त्या भरल्या घरात शहरातून शिक्षण अर्धवट सोडून आलेली मुलगी. तिला कोणी एकटी म्हणणार नव्हतं. तिच्यावर माया होती, पोटभर जेवण होतं. पण तिच्या विषयाचं, तिच्या परीक्षेचं, तिच्या भीतीचं बोलायला तिथं कोणी नव्हतं. उलट, "घरीच तर आहेस" म्हणत भाकऱ्या तिच्याकडे आल्या आणि पाठोपाठ स्थळंही. सिंधुदुर्गातल्या एका मुलीला घरी रेंज मिळेना, तेव्हा भावांनी डोंगरावर झोपडी बांधून दिली आणि भर पावसात ती तिथे बसून शिकली, ही बातमी तेव्हा गाजली. भावांची ती माया खरीच मोठी. पण झोपडीत बाकावर शेजारी बसणारं कोण होतं?

ऑनलाइन तासाला हजेरी मात्र भरघोस लागायची. पडद्यावर काळे चौकोन, "सर, आवाज तुटतोय", आणि चॅटमध्ये खाली खाली सरकत जाणारं "प्रेझेंट सर". त्या चौकोनामागे मुलगा झोपलाय, शेतात आहे की घरातलं कोणी गेल्यामुळे सुन्न बसलाय, हे कळायला वाव नव्हता. वर्गात पडलेला चेहरा लपत नाही.

त्यात अनिश्चितता. अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार की नाही हा वाद २८ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चिघळला. ५ एप्रिल २०२०ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा अखेर २१ मार्च २०२१ला झाली. त्याआधी ती पुन्हा एकदा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं, तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. त्या गर्दीत राग होताच. पण वर्षभर खोलीत कुढणाऱ्याला आपल्यासारखे इतके जण आहेत हे तिथे प्रत्यक्ष दिसलं, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

मदत आली ती बहुतेक हेल्पलाइन आणि वेबिनारच्या रूपात. समुपदेशक हवेतच, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्याला उठून तोंड धुवावंसं वाटत नाही, तो अनोळखी नंबर फिरवील ही अपेक्षा फार आहे. महाराष्ट्राला याहून जुनी आणि शहाणी वाट ठाऊक होती. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात निरनिराळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रही मोडलं. शिकणाऱ्या पोराला फी-पुस्तकांइतकीच पंगतही लागते, हे त्या मंडळींनी ओळखलं होतं.

२० ऑक्टोबर २०२१ला महाविद्यालयं पुन्हा उघडली, तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आपला वर्ग कुठल्या मजल्यावर हे विचारावं लागत होतं. कोणती मेस चांगली, शिष्यवृत्तीच्या अर्जाला कोणता दाखला लागतो, तोंडीला कोणते सर काय विचारतात, हे सीनियरने ज्युनियरला सांगायचं असतं. सांगणारेच कोरे होते. ही साखळी पुन्हा जोडण्यासाठी किती महाविद्यालयांनी मुद्दाम काही केलं? शिक्षकाने नेमून दिलेल्या मुलांना भेटायचं, त्या 'मेंटॉर-मेंटी' भेटींच्या फायली मात्र नॅकच्या मूल्यांकनासाठी चोख भरलेल्या असतात.

माझी मागणी साधी आहे. त्या फायलीतल्या भेटीत मुलाला टक्केवारी विचारण्याआधी विचारा: जेवायला कुठे जातोस, आणि तिथे तुझं नाव कोणाला माहीत आहे? अनेकांचं जेवण आता ॲपवरून येतं, आणायला रोज वेगळा माणूस येतो. अशा मुलांची नावं वेगळी लिहून घ्या आणि त्याच आठवड्यात प्रत्येकाला एका सीनियरबरोबर जेवायला बसवा.