शिल्पकार आणि पाचवं कारण

कर्जतहून सुटलेली लोकल मुंबईला पोचायला दोनेक तास घेते. बसायला जागा मिळाली, तर एवढ्या वेळात 'रिच डॅड पुअर डॅड'ची दोन प्रकरणं सहज होतात. रॉबर्ट कियोसाकी यांचं १९९७चं हे पुस्तक मराठीत येऊनही बरीच वर्षं झाली. आता त्याच्या शेजारी डॅनियल कानेमन आणि मॉर्गन हाउझेल येऊन बसले आहेत. पैसा, धंदा आणि मन यांवरची ही पुस्तकं कित्येक जण पोथीच्या निष्ठेनं वाचतात. पोथीतला जुना प्रश्नही त्यांत आहेच: माणसाचं बरंवाईट त्याच्या हातात किती?

याचं एक ठाम उत्तर कर्जतमध्येच मिळतं. जीवनविद्या मिशनचं ज्ञानपीठ इथलं. संस्थापक वामनराव पै सरकारच्या अर्थखात्यातून उपसचिव म्हणून निवृत्त झाले. फायलींत आयुष्य गेलेला हा गृहस्थ सांगत राहिला की माणूस स्वतःच, आपल्या विचारांनी, आपल्या जीवनाचा शिल्पकार आहे. त्यासाठी त्यांनी कुणाला प्रपंच सोडायला लावला नाही. नशिबाच्या नावानं खडे फोडत बसलेल्याला या शिकवणीनं हात दिला, हे मान्यच करायला हवं.

पण शेजारी खालापूर आहे.

१९ जुलै २०२३च्या रात्री तिथल्या इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. शोधकार्य थांबलं तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते, ५७ जण बेपत्ता होते. त्या रात्री शाळेत मोबाइलवर खेळत बसलेली काही पोरं वाचली. घरात झोपलेल्या ठाकर आदिवासींच्या विचारांत खोट होती, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

हाउझेलनं नशिबाला पुस्तकाच्या सुरुवातीलाच जागा दिली आहे. बिल गेट्सना १९६८मध्ये शाळेतच संगणक मिळाला. तितकाच हुशार मित्र केंट इव्हान्स मात्र शाळा संपण्याआधीच गिर्यारोहणात दगावला. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं येतात: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना चेष्टा आणि पाचवं दैव. यशाची पुस्तकं वाचणारे बहुधा चौथ्यावरच पान दुमडून ठेवतात.

पैंच्या विश्वप्रार्थनेत मात्र मागणं सर्वांसाठी आहे. शिल्पकाराचा सिद्धांत सांगणाऱ्यानंच ती लिहावी, हे लक्षात घेण्यासारखं. डोंगराखालची वाडी वेळेत हलवणं हे काम तिथल्या एकट्यादुकट्या शिल्पकाराच्या आवाक्यातलं नव्हतंच. त्याला सरकार लागतं, पैसा लागतो आणि खाली सपाटीला जागा लागते.