आधी आपण पाहावे

पावसाची संततधार लागली, अंगण बंद झाले, की घरातले चिमुकले चित्रपटाचा हट्ट धरते. हट्ट पुरवावा, पण आधी आपण पाहावे. जपानी दिग्दर्शक मियाझाकी यांच्या ‘माय नेबर टोटोरो’त दुष्ट पात्र नाही, आणि भर पावसात बसथांब्यावर बाबांची वाट पाहणाऱ्या बहिणींना भेटणारा तो अजस्र वनप्राणी छत्रीवरच्या थेंबांच्या नादाने हरखून जातो, तथापि त्याच कथेत आई रुग्णालयात आहे, आणि ज्या कोमल मनाला आईचा क्षणिक वियोगही असह्य, त्याला तेवढेच व्याकुळ करू शकते. म्हणून आधी आपण पाहावे. मुलाने डोळे झाकले, तर त्याला भित्रे म्हणू नये. त्याची भीती तत्काळ मान्य करावी, चित्रपट थांबवावा, त्याला जवळ घ्यावे. आई अखेर घरी येते, हे तर आरंभीच सांगून टाकावे.