निष्कपट विश्वास आणि मंडळीची वही

शास्त्रपाठ: तीमथ्याला पहिले पत्र, अध्याय ४, ओव्या १२ ते १६, तीमथ्याला दुसरे पत्र, अध्याय १, ओवी ५.



इफिस हे त्या काळचे मोठे व्यापारी शहर. अर्तमीचे देऊळ तेथे, जादूटोण्याचा बाजार तेथे, आणि तेथल्या मंडळीत वयाने व अनुभवाने वडील असे पुष्कळ लोक. अशा ठिकाणी पौलाने तीमथ्याला ठेवले. हा तरुण प्रकृतीने नाजूक. त्याला पोटाचा विकार होता व तो वारंवार आजारी पडे, असे पौलाच्याच पत्रावरून कळते. आई यहूदी, बाप हेल्लेणी. तेव्हा यहूद्यांनी त्याला पूर्ण आपला म्हटले नसेल आणि हेल्लेण्यांनीही नसेल. त्याला पौल लिहितो की, तुझ्या तारुण्यामुळे कोणी तुला तुच्छ मानू नये असे तू वाग.

येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. पौलाने हे वचन इफिसच्या वडिलांना लिहिले नाही. या मुलाला मान देत जा, अशी चिठ्ठी त्याने पंचांकडे पाठविली नाही. त्याने सर्व कारभार तीमथ्याच्याच पदरात टाकला: बोलणे, वर्तन, प्रीती, विश्वास आणि शुद्धता यांत तू कित्ता हो, म्हणजे तुच्छ मानण्यास जागाच उरणार नाही. आमच्या तरुण संघांतून मात्र हे वचन पुष्कळदा उलट्या तोंडाने वापरले जाते. पंचांच्या सभेत वाद झाला की कोणी तरुण उठतो आणि हीच ओवी वडील मंडळींना ऐकवितो. ओवी त्याच्यासाठी लिहिली आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

दुसऱ्या पत्रात पौल तीमथ्याच्या निष्कपट विश्वासाची आठवण करतो, आणि तो विश्वास प्रथम त्याची आजी लोईस व आई युनिके यांच्या ठायी होता असे सांगतो. आमच्या नगर जिल्ह्याला हे लागू पडते. इ. स. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरास सुरू झाले, आणि १८३३ मध्ये तेथे लहानशी मंडळी स्थापन झाली. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तेव्हा १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या आपल्या माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८७८ मध्ये डॉ. ह्यूम यांनी नगरास धर्मशिक्षणाची सेमिनरी काढली. या सर्वाला आता किती पिढ्या झाल्या! आज मंडळीत पुढे येणाऱ्या तरुणांपैकी बहुतेक जण लोईस व युनिके यांच्या घरचेच आहेत. आजीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिला गावचे पाणी तुटले असेल. नातवाला तो विश्वास पाळण्यातच मिळाला. ही मोठी देणगी आहे. परंतु वारशाने आलेल्या शेतात तण माजले तर सात-बारावर नाव असून काय उपयोग?

निष्कपट म्हणजे काय? मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘सोंग न घेतलेला’ असा होतो. ढोंगी या अर्थाचा जो ग्रीक शब्द, तो नाटकातील नटाला लावीत असत. नगर जिल्ह्यातील माणसाला सोंग म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. जत्रेत राजाचे सोंग घेणारा पहाटे तोंड धुतो व उधारीवर चहा पितो. त्यात त्याचा दोष नाही, त्याचा तो धंदाच आहे. पण उपासनेत डोळे मिटून रडणारा तरुण घरी जाऊन बायकोवर हात उगारू लागला, तर त्याने रविवारी काय केले असे म्हणावे?

आपल्यात एक म्हण आहे: सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. पैसा नसला की श्रीमंतीचे सोंग चार दिवसांत उघडे पडते, एवढाच तिचा व्यवहारातील अर्थ. परंतु मंडळीच्या कामात मला तिचा आणखी एक अर्थ दिसतो. प्रार्थनेचे सोंग आणता येते, उपदेशाचे आणता येते, अश्रूंचेही आणता येते. पण जमाखर्चाच्या वहीचे सोंग फार दिवस चालत नाही. यास्तव तरुणाचा विश्वास निष्कपट आहे की नाही हे पाहावयाचे असेल, तर मी प्रथम त्याची प्रार्थना ऐकत नाही. त्याच्याकडील वही मागतो.

कोणी म्हणेल की हा पाळक आत्मिक गोष्टी सोडून कारकुनी शिकवू लागला. तर प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पाहा. विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी पंगतीच्या व्यवस्थेसाठी सात माणसे निवडावयास सांगितली. आणि त्यांची लक्षणे कोणती? लोकांत नाव चांगले असलेली, आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असलेली. भाकरी वाटावयास आत्म्याने पूर्ण असा माणूस पाहिजे! पौलाचेही तसेच. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमविलेला निधी पाठविताना त्याने मंडळ्यांनी निवडलेला दुसरा बंधू सोबत दिला, आणि कारणही स्पष्ट लिहिले की या मोठ्या रकमेविषयी कोणी आम्हांला दोष देऊ नये. देवासमोर जे चांगले ते माणसांसमोरही चांगले असावे. (करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८.) पौलावर अविश्वास दाखविण्याची कोणाची छाती होती? तरी त्याने स्वतःवर पहारा बसवून घेतला.

हल्ली मंडळीचे दान मोबाईलवरून येऊ लागले आहे. मुंबई-पुण्यास कामावर असलेली मुले कापणीच्या सणाला स्वतः येऊ शकत नाहीत, पण पैसे पाठवितात. ही आनंदाची गोष्ट. मात्र ते पैसे पुष्कळ ठिकाणी एखाद्या तरुणाच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होतात, कारण गावात मोबाईल चांगला चालविणारा तोच असतो. त्या खात्यात त्याची मजुरीही जमा होते, त्यातूनच दुचाकीचा हप्ताही कापला जातो. तो मुलगा चोर नसतो. पण तीन महिन्यांनी छपराचे पत्रे आणावयाची वेळ आली, म्हणजे रक्कम भरत नाही आणि का भरत नाही हे त्यालाही सांगता येत नाही. मग कुजबुज, मग दोन तट, मग अर्धी मंडळी उपासनेला येईनाशी होते. अशाने एक चांगला गाणारा, चांगला शिकविणारा मुलगा कायमचा मंडळीबाहेर गेलेला मी पाहिला आहे. तेव्हा तरुणांनो, मंडळीचे खाते वेगळे काढा व त्यावर दोन सह्या ठेवा. खाते निघेपर्यंत, पैसा आला त्याच दिवशी तो वहीत लिहा, आणि रविवारी उपासना संपल्यावर आकडा मोठ्याने वाचा. ज्याला आकडा वाचावयाची लाज वाटते त्याने पेटीला हात लावू नये.

आता आमच्याच जिल्ह्यातील एका घराकडे वळू. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांची नावे माहीत नाहीत असे ख्रिस्ती घर येथे नसेल. १८९३ मध्ये आगगाडीत एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. गिरिप्रवचनाने त्यांचे मन बांधले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे नगर व राहुरी ही त्यांची कर्मभूमी. १९१२ पासून १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक होते, १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यास गेले व ‘देवाचा दरबार’ हे कार्य त्यांनी आरंभिले. त्यांच्या विश्वासात सोंगाचा लवलेश नव्हता. परंतु एक गोष्ट तरुणांनी टिळकांपासून घेऊ नये असे मी प्रांजळपणे म्हणतो. त्यांच्या हाती पैसा टिकत नसे. जो मागेल त्याला ते देत आणि घरात उद्या काय शिजेल याचा विचार लक्ष्मीबाईंना करावा लागे. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास हे ठाऊक आहे. स्वतःचा खिसा असा रिकामा करणे हे औदार्य होय, जरी त्याची झळ घरच्यांना लागते. पण काही तरुण टिळकांचे नाव सांगून मंडळीच्या पेटीशी तसेच वागतात. दुसऱ्याच्या पैशाने उदार होण्यास संतपण लागत नाही.

लक्ष्मीबाईंचे उदाहरण मला तरुणांसाठी अधिक उपयोगाचे वाटते. पती ख्रिस्ती झाले म्हणून त्या झाल्या नाहीत. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षे त्या तशाच राहिल्या. त्यांनी आपले सोवळे-ओवळेही एकदम सोडले नाही. पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा त्यांनी आपल्याशीच विचार केला आणि तो माणसाचा आहे असे मनाला पटले तेव्हा त्यांनी तो टाकला. आधी मन पालटले, मग पाण्याचा हात पालटला, आणि १९०० साली बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर. हा क्रम पाहा! आमच्यात किती जणांचा क्रम याच्या उलट आहे! बाप्तिस्मा पाळण्यात झाला, प्रभुभोजनाच्या एका प्याल्यातून पितो, पण सोयरीक जुळवावयाची वेळ आली म्हणजे समोरचे घर पूर्वी कोणत्या वाड्यातले होते याची चौकशी हळू आवाजात केली जाते. वडील माणसे करतात आणि सुशिक्षित तरुण मान खाली घालून ऐकून घेतो. मग तोच तरुण पुढील रविवारी ख्रिस्तात सर्व एक आहेत या विषयावर मुलांना पाठ देतो. मी येथे कठोर बोलतो, पण बोलल्यावाचून राहवत नाही. ज्याला मंडळीत पुढारी व्हावयाचे आहे, त्याने या एका प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या लग्नाआधी देवासमोर देऊन ठेवावे.

लक्ष्मीबाईंचे दुसरे काम ‘ख्रिस्तायना’चे. टिळकांनी ते काव्य १९०९ मध्ये सुरू केले. सुमारे दहा-अकरा अध्याय झाले आणि ते अपुरे राहिले. शाळेत कधी न गेलेल्या, ज्यांना टिळकांनी घरीच अक्षरे शिकविली, त्या बाईंनी पुढचे ६४ अध्याय रचून ते पुरे केले. १९३६ मध्ये त्या वारल्या व १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. चौसष्ट अध्याय एका रात्रीच्या आवेशाने होत नाहीत. रोज बसावे लागते, लिहिण्याची इच्छा असो वा नसो. तरुण मंडळी मला विचारतात की आम्हांला प्रार्थनेत स्फूर्ती का येत नाही? मी त्यांना विचारतो की तुम्ही किती वाजता बसता? याचे उत्तर बहुधा येत नाही. पौलाने तीमथ्याला वाचनाकडे लक्ष ठेवावयास सांगितले आहे. स्फूर्तीची वाट पाहावयास सांगितलेले नाही. पहाटे जनावरांना वैरण टाकावयाच्या आधी एक अध्याय वाचावा. शनिवारी रात्री अकरा वाजता उपदेशासाठी ओवी शोधणारा माणूस मंडळीला शिळी भाकर वाढतो. आणि उपासना नऊची असेल तर पुढाऱ्याने पावणेनऊला सतरंजी अंथरावी. वेळेविषयी याहून अधिक सांगावयाचे नाही.

शेवटी एक गोष्ट हंगामाची. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या बाजूच्या कित्येक गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, लेकरे सोबत, आणि पाच-सहा महिने कारखान्यावरच्या कोपीत संसार. त्यांत आपलीही घरे असतात. नाताळाच्या उपासनेला त्यांच्या जागा रिकाम्या असतात आणि पाळकाच्या हातून सगळीकडे जाणे होत नाही. येथे तरुण संघाचे काम आहे. एक वही करावी. कोणते घर कोणत्या कारखान्याला गेले, मुकादम कोण, फोन कोणाचा लागतो, सोबत किती मुले व त्यांची शाळा कोणती, हे तीत लिहावे. महिन्यातून एकदा प्रत्येकाला फोन करावा, आणि नाताळाच्या आठवड्यात दोघा-तिघांनी मिळून जवळच्या एका तरी कारखान्यावर जावे. उपदेश तयार करून नेण्याची गरज नाही. दिवसभर तोडणी करून आलेल्या माणसाला लांब उपदेश नको असतो. त्याच्या कोपीपुढे बसावे, आजाऱ्याची चौकशी करावी, लहानशी प्रार्थना करावी.

पौल रोमेत तुरुंगात होता, मरण समोर दिसत होते. तरी त्रोवसात आपण झगा कोणाच्या घरी ठेवला हे त्याला नावानिशी आठवत होते. कार्पाच्या घरी ठेवलेला झगा, पुस्तके व चर्मपत्रे घेऊन हिवाळ्यापूर्वी ये, असे त्याने तीमथ्याला लिहिले. आपल्याकडे टोळ्या हलावयास अजून थोडे दिवस आहेत. ज्या संघांची वही झालेली नाही त्यांनी ती दसऱ्यापूर्वी करावी, कारण एकदा गाड्या भरल्या की मग विचारावयास गावात कोणी राहत नाही.