दिवा चालू आहे, म्हणजे सगळं ठीक?

वेल्सच्या पेंब्रोकशायर किनाऱ्यापासून साधारण तीस किलोमीटरवर, भर समुद्रात स्मॉल्स नावाचे खडक आहेत. तिथलं पहिलं दीपगृह १७७६ च्या सुमारास ओकच्या खांबांवर उभं राहिलं. त्याची रचना करणारा हेन्री व्हाइटसाइड मुळात वाद्यं बनवायचा.

१८०१ च्या आसपास तिथे दोघं कामाला होते, थॉमस हॉवेल आणि थॉमस ग्रिफिथ. दोघांचं पटत नाही, हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. अशात ग्रिफिथ वारला. प्रेत समुद्रात सोडलं तर लोक म्हणणार, यानेच मारलं. म्हणून हॉवेलने आतल्या फळ्या काढून पेटी केली, प्रेत तिच्यात ठेवलं आणि पेटी बाहेर कठड्याला बांधली. वादळाने ती फुटली. हवामान इतकं वाईट, की कित्येक आठवडे सुटकेची बोट पोचेना. हॉवेल परतला तेव्हा मित्रांनाही तो ओळखू आला नाही. दिवा मात्र त्याने रोज लावला होता.

या गोष्टीतून आपण पटकन कर्तव्यनिष्ठेचा धडा घेतो. तो खोटा नाही. जहाजावरच्या माणसांचा जीव हॉवेलच्या दुःखासाठी थांबू शकत नव्हता. पण त्याने कर्तव्य केलं म्हणून आपलं त्याच्याबद्दलचं कर्तव्य संपतं का?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सर्व्हर चालू असला की स्क्रीनवर हिरवा ठिपका दिसतो. तो चालू ठेवणारा तीन रात्री झोपलेला नाही, हे त्या ठिपक्यात दिसत नाही. स्मॉल्सचा दिवाही दुरून असाच दिसत असणार: पेटलेला, म्हणजे सगळं ठीक.

या घटनेनंतर दीपगृहावर तीन माणसं ठेवायची पद्धत आली. १९८० च्या दशकात दीपगृहं स्वयंचलित होईपर्यंत ती टिकली. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की 'मन खंबीर ठेवा' एवढं सांगून भागवलं गेलं नाही. हॉवेलची भीती मनाच्या कमकुवतपणातून आलेली नव्हती. साक्षीदारच नसेल अशा व्यवस्थेतून ती आली होती, म्हणून व्यवस्था बदलावी लागली.

सर्व्हर बंद पडला तर म्हणून दुसरा तयार ठेवायला आपण कुरकुर करत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र लगेच विचारतो, "दोघांत भागतंय ना?" भागतं, दिवाही पेटतो. पण तिसऱ्याचा पगार हा त्या दिव्याचाच खर्च आहे. तो आपण दिला नाही, तर उरलेल्या दोघांपैकी कुणीतरी भरत असतो.