दुसऱ्याचा हात

पानिपत शहराबाहेर काला अंब नावाची जागा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांचा पराभव झाला त्या रणभूमीवर एक आंब्याचं झाड होतं आणि सांडलेल्या रक्ताने ते काळं पडलं, अशी दंतकथा आहे. झाड आता नाही. त्याच्या जागी विटांचा स्तंभ आणि भोवती कुंपण घातलेली बाग आहे. दरवर्षी त्या तारखेला मराठी माणसं तिथे जमतात. दिल्लीहून अंतर नव्वदेक किलोमीटर. इतकी वर्षं दिल्लीत राहून मी तिथे दोनदाच गेलो. इतिहासाबद्दल मी उदासीन आहे असं नाही. मला अडवतात ती माझी आतडी.

१९९६ साली एका अपघातात छातीच्या दहाव्या मणक्याशी माझा मज्जारज्जू चिरडला. तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो. बेंबीखाली संवेदना नाही, हालचाल नाही. लोकांना व्हीलचेअर दिसते आणि त्यांना वाटतं, प्रश्न चालण्याचा आहे. चालण्याचं दुःख दोन-तीन वर्षांत बोथट होतं. रोज उभा राहतो तो प्रश्न पोटाचा. मला कळ येत नाही. पोट भरलं आहे की रिकामं, हे अंदाजाने ठरवावं लागतं आणि अंदाज चुकला तर सगळ्यांच्या आधी इतरांच्या नाकाला कळतं. ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ असं आपण गमतीने म्हणतो. माझा स्वतःच्या शरीरावरचा विश्वास गेला तो असा.

तरीही आतडी अगदी मुकी नसतात. त्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं. पोटात काही गेलं की मोठ्या आतड्यात लाट उठते; सकाळी चहा घेतल्याशिवाय ज्यांचं भागत नाही त्यांना हे ठाऊक आहे. माझ्यासारख्यांचा सगळा कार्यक्रम त्या लाटेवर बेतलेला असतो. ठरलेल्या वेळी गरम चहा, मग सपोझिटरी, थोड्या वेळाने कमोडच्या खुर्चीवर बसून, हातमोजा घालून, जेली लावलेलं बोट गुदद्वारात हलकं गोल फिरवायचं. मेंदूचा हुकूम पोहोचत नसला तरी कण्याच्या खालच्या टोकाची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत असते. ती जागी होते आणि आवळलेला स्नायू सैल पडतो. ज्यांची इजा अगदी खाली असते त्यांचा स्नायू ढिलाच राहतो; त्यांना मळ बोटाने काढावा लागतो. एक दिवसाआड, पाऊण तास. चोवीस वर्षं हे मी माझं मी केलं आणि त्याला मी स्वावलंबन म्हणत आलो.

मग म्हातारपण आलं. आमच्या बाबतीत ही नवीच गोष्ट आहे. प्राचीन इजिप्तच्या वैद्यांनी मान मोडून लुळ्या पडलेल्या रुग्णावर उपचार करू नयेत, असं लिहून ठेवलं होतं, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत त्यात फारसा फरक पडला नाही. शय्याव्रण आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांनी माणसं लवकर जात. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी कूस बदलणं, मूत्राशय आणि आतड्यांची शिस्त, काम, खेळ या मार्गाने त्यांना जगवून दाखवलं. आपल्याकडे मेजर एच. पी. एस. अहलुवालिया २९ मे १९६५ रोजी एव्हरेस्टवर पोहोचले, त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून व्हीलचेअरवर आले, आणि त्यांनी दिल्लीत वसंत कुंजला इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभं केलं. ते गेले १४ जानेवारी २०२२ रोजी, पंचाऐंशीव्या वर्षी. म्हणजे इजेनंतरही छप्पन वर्षं हाताशी असू शकतात. पण ती कशी काढायची, हे सांगायला आमच्याआधीची म्हातारी पिढी जवळपास नाहीच.

वयाबरोबर आतडी आणखी मंदावतात, मूळव्याध होते, पाऊण तासाचा दीड तास होतो. आणि इतकी वर्षं पायांचं काम करणारे खांदे झिजतात. माझा उजवा खांदा गेला तेव्हा हात मागे पोहोचेना. बायकोने हातमोजा चढवला. तिने विचारलं नाही, मीही विचारलं नाही. दोन वर्षं असं चाललं. मग एकदा तिच्या अंगठ्याची सूज दिसली. ती म्हणाली, ‘अहो, कणीक मळून झालं असेल.’ डॉक्टर म्हणाले, सांधा झिजलाय. तेव्हा उमगलं की माझी लाज राखण्यासाठी मी तिच्या कष्टाला प्रेम म्हणत होतो. ते प्रेम होतंच. पण प्रेमाला नाही म्हणता येत नाही, आणि त्याचाच मी फायदा घेत होतो.

आमची आजी दिवा लावताना म्हणायची, ‘माझं हागणं-मुतणं कुणाला काढायला लागू नये, एवढंच दे.’ मराठी घरांत ही प्रार्थना सर्रास ऐकू येते. आजीने मात्र पाच मुलांचं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं काढलं होतं आणि त्यात तिला कधी कमीपणा वाटला नव्हता. जे दुसऱ्यासाठी करण्यात पुण्य, ते दुसऱ्याकडून करून घेण्यात एवढी नामुष्की का? घेणाऱ्याची मान खाली जात असेल, तर देणाऱ्याच्या पुण्यातही कुठेतरी वरचढपणा असणार.

भाषाही यात सामील आहे. शौच म्हणजे मुळात शुचिता. तोच शब्द आपण मलविसर्जनाला वापरतो. परसाकडे जाणं, बहिर्दिशेला जाणं: आपले सगळे सभ्य शब्द हे काम घराच्या मागे किंवा गावाबाहेर नेऊन ठेवतात. ज्याला परसाकडे जाताच येत नाही, ज्याचं सगळं झोपायच्या खोलीतच होतं, त्याच्यासाठी आपल्याकडे धड शब्दसुद्धा नाही.

अंगठ्याच्या प्रकरणानंतर एका एजन्सीतून मदतनीस शोधला. येणारा प्रत्येक जण दारातच विचारायचा, ‘लैट्रिन का काम है क्या?’ या प्रश्नात शतकांचा इतिहास आहे. आपल्या देशात दुसऱ्याची घाण काढणारे हात जन्मावरून नेमले गेले. हाताने मैला उचलून घेण्यावर बंदी घालणारा सध्याचा कायदा २०१३ चा आहे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम करू द्या म्हणून मागणी केली. उच्चवर्णीय कैद्याला ती नाकारली गेली. त्यांनी अन्न सोडलं आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपास सुरू केला. मला त्या प्रसंगात नेहमी हे जाणवतं, की अप्पांना ते काम निवडता येत होतं. ज्यांच्यावर ते लादलं होतं त्यांना ते सोडता येत नव्हतं.

शेवटी जो टिकला त्याला मी कामाचं स्वरूप न लपवता सांगितलं, या कामाचे वेगळे पैसे ठरवले, आणि नको वाटेल त्या दिवशी नाही म्हणायची मोकळीक दिली. तसं झालं तर मी एक दिवस थांबतो. पुढे घरी आलेल्या एका नातलगांनी हळूच विचारलं, ‘याला स्वयंपाकघरात येऊ देता?’ घाण माझी. ती साफ करून साबणाने हात धुणारा अशुद्ध, आणि ज्याच्या पोटातून ती आली तो शुद्ध! सकाळचा चहा तोच करतो, असं मी सांगितलं. नातलगांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

इतक्या वर्षांनी मला वाटतं, माणसाचा मान मदत न लागण्यात नसतो. तसं असतं तर जन्माची आणि मरणाची टोकं सगळ्यांचीच अपमानाची ठरतील. वेळ मी ठरवतो का, दार लावलेलं असतं का, माझ्याशी बोलत काम होतं की माझ्या डोक्यावरून कुणाशी तरी गप्पा मारत, यावर माझा मान टिकतो. आणि हात ज्याचा आहे त्याला नकार देता येतो का, यावर त्याचा. यातला एक मोडला की दुसराही फार काळ उभा राहत नाही.

आता सर्जन कोलोस्टॉमी सुचवतात. पोटावर वाट काढून पिशवी लावायची. अनेकांचा वेळ आणि त्रास त्याने कमी होतो. आधी मला ती शरणागती वाटली होती. आता ती एक सोय वाटते, आणि पिशवी मला माझ्या हाताने बदलता येईल. अजून ठरवलेलं नाही. या वेळी मात्र बायकोला विचारलं. ती म्हणाली, ‘तुमचं पोट, तुम्ही ठरवा. पण मला विचारलंत, बरं वाटलं.’

यंदा जानेवारीत काला अंबला जाऊन आलो. दोन दिवस आधीपासून आहाराचा आणि वेळेचा हिशेब मांडला होता. स्तंभापाशी शौर्याची भाषणं झाली, आणि ती व्हायलाच हवीत. मला मात्र नोव्हेंबरपासून खंदकाआड अडीच महिने कोंडलेली ती छावणी दिसत होती: सैनिक, बायका, मुलं, यात्रेकरू, जनावरं. त्या सगळ्यांची रोजची घाण कुणीतरी उचलली असेल. त्या कुणाला विचारलं गेलं नसेल, आणि त्यांची नावंही कुठे नाहीत.

परतीच्या वाटेवर मदतनिसाने विचारलं, ‘कल का टाइम वही रहेगा?’

मी म्हटलं, ‘तुम बताओ. थके तो नहीं?’

‘नहीं, ठीक है,’ तो म्हणाला. ‘चाय के बाद.’